पटावरची मुले आणि शाळेचा निकाल

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका सेवानिवृत्त शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मी शिक्षणावर काही बोलावे, अशी सूचना चिटणीसांनी केली. शिक्षण हा विषय इतका विस्तीर्ण आहे की त्यावर तासभर बोलूनही काहीच न बोलणे सहज साधते. म्हणून मी तो आवरून घेतला आहे. आपल्या गावातील सरकारी प्राथमिक शाळा, मग ती जिल्हा परिषदेची असो वा नगरपालिकेची, तिच्या बाकांवर आज कोणाची मुले बसतात आणि त्या मुलांच्या गुणांवरून आपण शाळेविषयी जे मत बनवतो ते कितपत न्याय्य असते, एवढेच मला मांडायचे आहे. आपला ट्रस्ट दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, शिष्यवृत्त्या देतो. गुण कशाचे द्योतक असतात हा प्रश्न त्यामुळे आपल्या घरचाच आहे.

आपण ज्या प्रदेशात राहतो तेथे या प्रश्नाला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुल्यांनी सरकारला स्पष्ट विचारले होते की कर भरतो रयत, मग शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे का वळतो? राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया लक्षात घेतला म्हणजे महाराजांची तळमळ कळते. पण माझ्या मते त्याहून मोठा हुकूम १९१९ सालचा. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घ्यावे, असा तो हुकूम होता. शाळा किती आहेत याबरोबरच एका बाकावर कोण कोण बसते हेही महत्त्वाचे आहे, हे महाराजांनी ओळखले होते. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली, ती याच विचाराने. त्यांनी खेड्यापाड्यांत शेकडो व्हॉलंटरी प्राथमिक शाळा काढल्या, हे आज बहुधा विस्मरणात गेले आहे. रयत म्हटले की आपल्याला हायस्कुले व महाविद्यालयेच आठवतात.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. या सभागृहात आज जी साठीच्या पुढची मंडळी बसली आहेत, त्यांतील बहुतेकांनी बाराखडी अशाच शाळेत गिरवली आहे. व्यापाऱ्याचा मुलगा, शेतकऱ्याचा मुलगा, गुरुजींची मुलगी आणि मोलमजुरी करणाऱ्याचे मूल एकाच वर्गात असे. १९६४ ते ६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने समान शाळापद्धती आणि परिसर शाळा या कल्पना मांडल्या. आपल्या गावात ती परिसर शाळा न सांगता चालू होती. पुढे ती मोडली, तीही न सांगताच.

आज आपली नातवंडे त्या शाळेत नाहीत. यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. इंग्रजी माध्यमाची ओढ, दारापर्यंत येणारी बस, चांगली सोबत मिळावी ही इच्छा, हे सारे मला समजते. मात्र त्यांची जागा कोणी घेतली हे आपण पाहिले पाहिजे.

इचलकरंजीच्या परिसरातील शाळांचे उदाहरण घ्या. यंत्रमागावर काम करण्यासाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून माणसे आली. त्यांची मुले घरी भोजपुरी वा उडिया बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. सीमेलगतच्या गावांत घरी कन्नड आणि शाळेत मराठी हे तर पिढ्यान्पिढ्यांचे आहे. मुंबई महानगरपालिका आठ भाषांच्या माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवते. आपल्याकडे तशी सोय नाही. तेथे आठ शाळांत विभागली जाणारी मुले येथे एकाच बाईंच्या वर्गात येतात. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर भागातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आपल्या कारखान्यांवर येतात. त्यांच्यासोबत आलेले मूल पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, आपल्या फडात असते. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेचे वर्षाला किमान २०० दिवस भरावे लागतात. या मुलाच्या वाट्याला त्यांतील जेमतेम निम्मे येतात, तेही गावाकडच्या शाळेत. साखरशाळा निघाल्या, बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे झाली, पण त्यांनी भरून निघाली ती थोडी उणीव. आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणारी तिसरी-चौथीतली मुलगी तर प्रत्येक गावात आहे. तिचे नाव पटावर असते, ती नसते. १९९२ साली राज्य सरकारने दुर्बल घटकांतील मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला, तो तिच्याचसाठी. शाहू महाराजांच्या काळी न येणाऱ्यास रुपया दंड होता आणि पाऊणशे वर्षांनी येणारीस रुपया बक्षीस मिळू लागला. रुपयाची किंमत मात्र दरम्यान कोठल्या कोठे गेली!

अशा वर्गाचा निकाल आपण शेजारच्या खाजगी शाळेच्या निकालाशेजारी ठेवतो आणि म्हणतो, 'सरकारी शाळेत शिकवतच नाहीत.' आपण व्यापारी समाज आहोत, हिशेब आपल्याला समजतो. म्हणून एक छोटा हिशेब मांडतो. आकडे कल्पित आहेत, पण रीत खरी आहे.

समजा, चौथीच्या वर्गात वीस मुले आहेत. पाच मुलांना प्रत्येकी ८० गुण, दहांना ६० आणि पाचांना ४०. एकूण झाले १२००, सरासरी ६०. पुढच्या वर्षी ८० गुण मिळवणारी पाच मुले खाजगी शाळेत गेली. उरली पंधरा, त्यांचे एकूण गुण ८००. सरासरी ५३ च्या थोडी वर. म्हणजे सरकारी शाळेचा निकाल जवळजवळ सात गुणांनी घसरला. आता समजा, खाजगी शाळेत आधी वीस मुले होती आणि त्यांची सरासरी ७० होती. तेथे ही पाच मुले गेल्यावर पंचवीस मुलांची सरासरी ७२ झाली. एक शाळा चढली, दुसरी उतरली. आणि या साऱ्या उलाढालीत एकाही मुलाला एक अक्षर अधिक आले नाही की उणे झाले नाही. दुकानातील माल एका गोदामातून दुसऱ्या गोदामात हलवला आणि त्याला नफा म्हटले, तर आपल्यापैकी कोणता मुनीम ते मान्य करील? शाळांच्या बाबतीत मात्र आपण सारे ते मान्य करतो, आणि त्या 'नफ्याची' जाहिरात फलकावर वाचून पुढच्या वर्षी आणखी पाच मुले हलवतो.

हा नुसता तर्क नव्हे. आंध्र प्रदेशात २००८ साली कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी १८० खेड्यांत एक मोठा प्रयोग केला. सरकारी शाळेतील ज्या मुलांच्या पालकांना खाजगी शाळा हवी होती त्यांच्याकडून अर्ज घेऊन सोडत काढली. सोडतीत नाव आलेल्या मुलांची खाजगी शाळेची फी भरली गेली, उरलेली होती तेथेच राहिली. चिठ्ठीने निवड झाल्यामुळे दोन्ही गटांतील घरे सारखीच होती, आणि हेच या प्रयोगाचे मर्म आहे. चार वर्षांनी परीक्षा घेतली तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गट बरोबरीत आढळले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत खाजगी शाळेतील मुले हिंदीत मात्र स्पष्टपणे पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळेत तो विषयच शिकवला जात नव्हता. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खाजगी शाळा एका मुलामागे सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी खर्च करत होत्या. तेव्हा सरकारी शाळेने या प्रयोगावरून मिशीला पीळ देण्याचे कारण नाही. पण बाहेरून जो मोठा फरक दिसत होता तो बव्हंशी घरांचा होता, शिकवण्याचा नव्हता, एवढे त्यातून निर्विवाद दिसले.

अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांनी सुमारे चार हजार शाळांतील सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी करून असेच काही सांगितले होते. शाळेच्या इमारती व साधनांपेक्षा मुलाचे घर आणि त्याचे वर्गमित्र यांचा गुणांशी अधिक निकटचा संबंध त्यांना आढळला. त्याचा विपर्यास करून 'शाळेने काही फरक पडत नाही' असे म्हणणारे तेव्हाही निघाले, आजही निघतात. मला ते मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्याच राज्यात आहे.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळा आपल्यापैकी शिक्षक मंडळींना ठाऊक असतील. जिल्हा परिषदेच्याच शाळा, मुले त्याच घरांतली, शिक्षक त्याच वेतनश्रेणीतले. तेथे ज्ञानरचनावादी पद्धतीने काम सुरू झाले. फळ्याकडे तोंड करून ओळीत बसण्याऐवजी मुले जमिनीवर आखलेल्या आकृत्यांभोवती, खडे, काड्या, शब्दपट्ट्या घेऊन गटांत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले आणि २२ जून २०१५ रोजी राज्य शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला, त्यामागे या शाळांचा अनुभव होता. घर बदलता आले नाही तरी वर्ग बदलता येतो, हे तेथे दिसले.

प्रथम संस्थेच्या 'असर' अहवालातील आकडेही या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. ही पाहणी २००५ पासून होते, ग्रामीण भागात होते आणि शाळेत न होता घरी जाऊन होते. म्हणून त्या दिवशी गैरहजर असलेली मुलेही तीत येतात. देशातील सरकारी शाळांत तिसरीला असणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली २०.९ टक्के होती. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ साली हे प्रमाण १६.३ वर आले. २०२४ साली ते २३.४ झाले. आता याच्या शेजारी पटाचे आकडे ठेवा. ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळेत असलेली मुले २०१८ साली ६५.६ टक्के, २०२२ साली ७२.९ टक्के आणि २०२४ साली ६६.८ टक्के. कोरोनात उत्पन्न आटले, छोट्या खाजगी शाळा बंद पडल्या, तेव्हा मुले सरकारी शाळेत आली. दिवस पालटले तशी परत गेली. परत जाणारी मुले सहसा थोड्या बऱ्या परिस्थितीतली असतात. मघाच्या हिशेबाप्रमाणे सरकारी शाळेची सरासरी तेव्हा घसरायला हवी होती, ती उलट वाढली. पायाभूत वाचन व अंकज्ञानासाठी २०२१ पासून 'निपुण भारत' अभियानातून जे काम झाले त्याचा यात वाटा असावा, असे मला वाटते. अर्थात तिसरीतील चारांपैकी तीन मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हेही त्याच आकड्याने सांगितले आहे. त्यावर पांघरूण घालण्यासाठी मी येथे आलेलो नाही.

आता एक वेगळे उदाहरण. कोल्हापूर महानगरपालिकेच्या जरगनगर येथील मराठी प्राथमिक शाळेत प्रवेश मिळावा म्हणून गुढीपाडव्याला पालकांच्या रांगा लागतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. शिष्यवृत्ती परीक्षेतील यशामुळे शाळेचे नाव झाले. नाव झाले की जागरूक पालक येतात आणि त्यांच्या मुलांमुळे यश आणखी वाढते. शिक्षकांच्या परिश्रमांना मी यत्किंचितही उणेपणा देत नाही. चक्र सुरू त्यांनीच केले. पण हेच चक्र उलट फिरू लागले म्हणजे काय होते, ते आपल्या गावच्या शाळेत पाहावे.

जागरूक पालक गेला की केवळ एक मूल कमी होत नाही. छप्पर गळते म्हणून पंचायतीत जाऊन ओरडणारा माणूस जातो. पोषण आहाराच्या खिचडीत डाळ किती आहे हे विचारणारी आई जाते. पट घटतो. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. साठपर्यंतच्या पटाला प्राथमिक शाळेत दोनच शिक्षक मिळतात आणि वर्ग असतात चार किंवा पाच. बहुवर्ग अध्यापन हे पाठ्यपुस्तकात सुरेख वाटते. प्रत्यक्षात एका गुरुजींना निवडणुकीचे काम लागले की दुसरे गुरुजी एका वर्गाला पाढे लिहायला सांगून दुसऱ्या वर्गात धावतात. निकाल आणखी उतरतो आणि उरलेल्यांपैकी ज्यांना परवडते ते निघून जातात.

या उतरणीचा शेवटचा टप्पाही आता समोर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याबाबत शासनाने जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या घरात होत्या. पानशेत व तोरणमाळ येथील समूह शाळांचे दाखले देण्यात आले. मोठ्या शाळेत मुलांना सवंगडी, खेळ, प्रयोगशाळा मिळते, हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. पण शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते उगाच नाही. सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून चार किलोमीटरवर पाठवायचे की घरी ठेवायचे, असा प्रश्न आला तर मजूर आई काय ठरवील हे आपण जाणतो.

याच कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खाजगी शाळांना त्यातून सूट दिली होती. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. एका बाकावर कोण बसणार हा १९१९ सालचा प्रश्न शंभर वर्षांनंतर न्यायालयात उभा राहिला, एवढेच येथे नोंदवतो.

मग आपण काय करावे? 'नातवंडांना तेथे घाला' असा उपदेश मी करणार नाही, करूनही कोणी ऐकणार नाही. तीन गोष्टी मात्र विश्वस्त मंडळापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट शिष्यवृत्तीची. आपली अट ऐंशी टक्क्यांची आहे. ती मोडू नका, पण तिच्या शेजारी प्रगतीचे एक पारितोषिक ठेवा. जूनमध्ये अक्षरे ओळखता न येणारे मूल मार्चमध्ये परिच्छेद वाचू लागले, तर त्याने आणि त्याच्या बाईंनी जे साधले ते नव्वदचे ब्याण्णव टक्के करणाऱ्यापेक्षा कमी नाही. यासाठी वर्षातून दोन वेळा, आरंभी व अखेरीस, तीच साधी वाचन-गणिताची चाचणी पुरते. शाळेला नवा कागद लिहावा लागू नये, शिक्षकांकडे कागद पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. कायद्याने तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. समिती असते, सह्याही होतात, पण दिवसाची मजुरी बुडवून सभेला बसणे त्या मातांना शक्य होत नाही. सभा रविवारी अथवा सायंकाळी व्हावी यासाठी मुख्याध्यापकांशी बोलता येईल. आपल्यातील हिशेब जाणणारे, निवृत्त अभियंते, डॉक्टर यांनी निमंत्रित म्हणून जावे, मागे बसावे आणि विचारल्यास सांगावे. त्या सभेतील पुढची खुर्ची पालकांची आहे.

तिसरी गोष्ट वह्यावाटपाची. वह्या अवश्य वाटा. पण ज्या मुलांच्या घरी छापलेला कागद म्हणून फक्त किराण्याची पुडी येते, त्यांना गोष्टींची पुस्तके हवी आहेत आणि ती वाचून दाखवणारे कोणी हवे आहे. आपल्या महिला मंडळातील भगिनींनी शनिवारी सकाळच्या शाळेत एक तास दिला तर गुरुजींना दुसऱ्या वर्गाकडे पाहता येईल. भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला मराठी गोष्ट कळेल का, असे मला एका भगिनींनी मघाशी विचारले. चित्र दाखवत, हावभाव करत सांगितली तर कळते, आणि चार-सहा महिन्यांनी तोच ती गोष्ट शेजारच्याला मराठीत सांगू लागतो. मी अनेक वर्गांत हे पाहिले आहे.

शाळा जूनच्या मध्यास उघडेल. आरंभीची चाचणी पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी, म्हणून पारितोषिकाचा निर्णय मे महिन्याच्या सभेत झाला तर बरे. चाचणीचा एक पानी नमुना मी चिटणीसांकडे दिला आहे. तो शाळेतील बाईंना दाखवून, त्या सुचवतील ते फेरफार करून मगच छापावा.

जय जिनेंद्र.